माळवदाखालचा खण

माळवद दरवर्षी जड होत जातं. मृगाचा पाऊस यायच्या आधी घरातली कर्ती माणसं गावच्या पडक्या गढीकडे जायची, तिथली पांढरी माती खणून आणायची आणि गेल्या पावसाळ्यात जिथं जिथं गळलं, तिथं ती पसरून, पाणी शिंपडून, चोपण्यानं बडवून बसवायची. जुनी माती सहसा कुणी काढत नसे. नवी तिच्यावरच पडे. आजोबांच्या वेळी वीतभर असलेला थर नातवाच्या हयातीत दोन फुटांवर गेलेला असे. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद छतावर दोन फूट माती म्हणजे 200 घनफूट झाले. घनफुटाला 45 किलो धरले तरी 9 टन. लातूर, नांदेड, धाराशिवकडची खेडी या ओझ्याखाली पिढ्यान्‌पिढ्या निर्धास्त झोपत आली.

हल्ली याच भागातल्या नव्या बंगल्यांना, हॉटेलांना आणि मंगल कार्यालयांना ‘वाडा लूक’ हवा असतो. दर्शनी भिंतीला काळ्या दगडाच्या पातळ फरश्या चिकटवतात. दिवाणखान्यात प्लास्टर ऑफ पॅरिसची महिरप येते, देवळीत एलईडीची पट्टी लागते आणि प्लायवूडचे पोकळ खांब सागवानी रंगात उभे राहतात. या हौसेला नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. काँक्रीटच्या दोन पिढ्यांनंतर माणसाला आजोळच्या घराची आठवण येते, ती खरी असते. पण आठवणीतून घरी काय आणायचं, याची निवड करावी लागते, आणि ती करण्याआधी माळवदाची कुळी नीट पाहायला हवी.

कोकणातल्यासारखं उतरतं कौल इथं रुजलं नाही, कारण त्याची निकड नव्हती. लातूरला वर्षाकाठी साधारण 800 मिलीमीटर पाऊस पडतो आणि उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो. पाणी पटकन वाहून नेण्यापेक्षा ऊन अडवणं महत्त्वाचं होतं, आणि मातीचा जाड थर ते काम चोख करतो. शिवाय सपाट छत म्हणजे वरचं अंगणच. कुरडया-सांडगे वाळवायचे ते माळवदावर, उन्हाळ्यात अंथरुणं पडायची तीही तिथंच, आणि घरं एकमेकांना इतकी खेटून असत की एका माळवदावरून दुसऱ्यावर जात अर्धी आळी पालथी घालता येई.

माती मात्र कुठलीही चालत नाही. शेतातली काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते, त्यामुळे छतावर ती पहिल्याच वर्षी दगा देते. म्हणून जुन्या वसाहतीची पांढरी माती लागे. शतकानुशतकं जिथं घरं बांधली गेली, पडली, पुन्हा उभी राहिली, तिथल्या मातीत राख, शेण, चुना, विटांचा चुरा मुरलेला असतो. ती फारशी फुगत नाही, दाबली की घट्ट बसते. मराठवाड्यातल्या कित्येक गढ्यांचे बुरूज पोखरलेले दिसतात, त्यामागं हेही एक कारण आहे. गावाचा जुना इतिहास टोपलीटोपलीनं गावाच्याच छतांवर चढला.

आता या छताखाली येऊ. जमिनीवर घडीव दगडाचा तळखडा, त्यावर लाकडी खांब. खांबाच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना हात पसरल्यासारखा हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर आडवे सर. ऐपत असेल तर सरांवर फळ्यांचा कडीपाट, नसेल तर लाकडाच्या ढलप्या किंवा तुराट्या-पळाट्यांचा गच्च थर. त्यावर लिंबाचा पाला, म्हणजे वाळवी लवकर लागत नाही. मग चिखल आणि सगळ्यात वर पांढरी माती, पन्हाळीकडं जेमतेम उतार ठेवून. चार खांबांमधली जागा म्हणजे एक खण. घर मोजायचं ते खणांत, पाच खणी, सात खणी. छतात मध्येच एक साणं, म्हणजे हातभर रुंदीचं भोक, चुलीचा धूर जायला आणि उजेड यायला. दुपारी त्यातून उन्हाचा खांब उतरतो आणि भिंतीवरून सरकत जातो. खिडकी नसलेल्या घरात दिवसाची वेळ त्यावरून कळायची. पाऊस आला की पोरांपैकी कुणीतरी पळत वर जाऊन साणं झाकायचं.

या रचनेत भिंतीकडं छत उचलण्याचं काम मुळात नाही. ते खांबांचं आहे. भिंत घराला आडोसा देते, ऊन रोखते, चोरापासून राखते. सुतार लाकडात कूस आणि खाच अशी जुळवतो की लोखंडी खिळ्याची फारशी गरज पडत नाही. सगळा सांगाडा सुटा करून दुसरीकडं पुन्हा उभा करता येतो. घर विकताना लाकूड वेगळं आणि जागा वेगळी विकली जाई, ते त्यामुळंच. श्रीमंतांच्या वाड्याला किनवटच्या जंगलातलं सागवान, बाकीच्यांना बाभूळ नाहीतर लिंब. नांदेड जिल्ह्याचं जंगल आणि लातूरकडची माती अशी एका छताखाली आली.

खांबावरची कोरीव नक्षीही अशीच अनेक वाटांनी आलेली आहे. देगलूर तालुक्यातल्या होट्टलच्या चालुक्यकालीन मंदिरांत किंवा निलंग्याच्या नीलकंठेश्वरात दगडी खांब पाहा. खाली चौकोन, वर गोल वळी, माथ्यावर हस्त. हीच चढण पुढं सुताराच्या हातात लाकडात उतरलेली दिसते, असं माझं निरीक्षण आहे. महिरप मात्र दख्खनी सुलतानांच्या आणि मोगलांच्या दरबारातून आली. उदगीरहून तासाभराच्या वाटेवर बीदरचा किल्ला आहे, आणि तिथल्या रंगीन महालात बरीदशाहीतले, सोळाव्या शतकातले कोरीव लाकडी खांब अजून उभे आहेत. निजामाच्या राज्यात उदगीर हा बीदर जिल्ह्याचाच तालुका होता. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत बीदर म्हैसूर राज्यात गेलं, उदगीर मराठी मुलखात राहिलं आणि 1982 मध्ये लातूर जिल्हा झाला. सुतारांची ये-जा या सीमांच्या कितीतरी आधीची आहे. ज्याला आपण ठसठशीत मराठी वाडा म्हणतो, त्यात मंदिर, महाल आणि पेशवाईतले सुरूचे खांब शेजारी शेजारी नांदतात.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. औसा तालुक्यातलं किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं सास्तूर या पट्ट्यात गावंच्या गावं दगडाचे ढीग होऊन पडली. मृतांचा सरकारी आकडा 8000 च्या आसपास आहे. त्यांच्यातली बहुतेक माणसं स्वतःच्याच घराच्या भिंती आणि छतांखाली गेली.

पुढं अभियंत्यांनी पडझड तपासली तेव्हा जे कळलं, ते या घरांविषयी विचार करणाऱ्या प्रत्येकानं वाचावं असं आहे. भिंती दोन-तीन फुटांपासून कुठं कुठं पाच-सहा फुटांपर्यंत जाड होत्या, पण एकसंध नव्हत्या. आतलं तोंड वेगळं, बाहेरचं वेगळं, मध्ये डबर आणि मातीची भर. दोन्ही तोंडांना धरून ठेवणारे आरपार लांब दगड घातलेलेच नव्हते. हादऱ्यानं दोन्ही तोंडं सुटली आणि भिंत फुटली. ज्या घरांत खांब वगळून सर थेट भिंतीवर टेकवले होते, तिथं भिंतीमागोमाग 9 टनांचं छतही खाली आलं. पण काही घरांत खणाचा सांगाडा धड होता. तिथं भिंती ढासळल्या आणि छत खांबांवर तसंच राहिलं.

जुन्या बांधणीनं लोकांना मारलं, हे खरं आहे. त्याच बांधणीतल्या एका भागानं काहींना वाचवलं, हेही तितकंच खरं आहे. पहिलं सगळ्यांना कळलं, दुसरं फार थोड्यांना.

दोष सुतारांवर आणि गवंड्यांवर टाकता येणार नाही. देशाच्या भूकंप-नकाशात हा भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. तिसऱ्या क्षेत्रात तो गेला 2002 च्या सुधारणेनंतर. काश्मीरमध्ये जमीन वारंवार हलते, म्हणून तिथल्या कारागिरांनी धज्जी देवारीची पद्धत काढली. लाकडी चौकटीचे लहान लहान तुकडे पाडायचे आणि प्रत्येकात थोडीशीच दगड-विटांची भर घालायची, म्हणजे भिंत एका दमात कोसळत नाही. 2005 च्या भूकंपात अशी घरं तुलनेनं बरी टिकली, आणि पुढं पाकिस्तानच्या बाजूला पुनर्बांधणीत या जुन्या पद्धतीला सरकारी मान्यता मिळून हजारो नवी घरं तशी उभी राहिली. तिथं परंपरा सजावटीच्या वाटेनं परतली नाही, बांधकामाच्या वाटेनं परतली. आपल्याकडं तसं झालं नाही.

इथं 52 गावं नव्या जागी वसवली गेली. शेतजमिनीच्या हिशेबानं 250, 400 आणि 750 चौरस फुटांची घरं आली, सरळ रेषेत, सरळ रस्त्यांवर. दारातली ढाळज गेली, मधला चौक गेला, धान्याचं बळद गेलं, माळवद तर गेलंच. जिथं घरं जागच्या जागी दुरुस्त करायची होती, तिथं अभियंत्यांनी मजबुतीकरणाचा मार्ग सांगितला, पण बहुतेकांनी त्या पैशातून विटा-सिमेंटची नवी खोली बांधणं पसंत केलं. मी त्यांच्या जागी असतो तर तेच केलं असतं. घरातली माणसं दगडाखाली गेल्यावर त्या दगडावर कुणी पुन्हा विश्वास ठेवावा, असं सांगण्याचा अधिकार कुणाला नाही. भूकंपाच्या केंद्रापासून दूर असलेली कंधार-मुखेडकडची माळवदंही पुढच्या वर्षांत हळूहळू उतरत गेली. त्यांच्या जागी पत्रा आला. मेमध्ये पत्र्याखाली दुपारी बसवत नाही, हे त्या घरांतल्या बायांना विचारावं.

उतरलेल्या वाड्यांचं लाकूड जुना माल घेणाऱ्या व्यापाऱ्यांकडून मोठ्या शहरांत गेलं. चौकटी आरशांच्या झाल्या, दारांची टेबलं झाली, तुळया फाडून फर्निचर झालं. आज त्याच लाकडाची नक्कल सीएनसी यंत्रावर कापून आपण परत आणतो आहोत. त्यात दगडाचा भास, खांबाचा भास, हस्ताचा भास सगळं येतं, फक्त ओझं कोण उचलतं हा प्रश्न येत नाही. माझा आग्रह एवढाच आहे की माळवदाच्या घराचा वारसा त्याच्या खणात आहे. स्वतंत्र सांगाडा, हलकी भिंत, वरून येणारा उजेड, मधला उघडा चौक, एकमेकांच्या मापात बसणाऱ्या जागा. हे सगळं लोखंडात, काँक्रीटमध्ये, बांबूतही करता येतं. घराच्या मध्यावर काच लावलेलं साणं ठेवलं तर दिवसा दिवा लागत नाही, आणि गरम हवेला वर वाट दिली तर पंख्यावरचा भार कमी होतो. जाड मातीऐवजी गच्चीवर पांढऱ्या चिनी तुकड्यांची फरशी किंवा चुन्याचा थर उन्हाचं बरंचसं काम करतो. वास्तुविशारदाकडं ‘वाडा लूक’ मागणाऱ्यानं आधी हे मागावं. महिरप नंतरही लावता येते.

आणि ज्यांची माळवदाची घरं अजून उभी आहेत, उदगीर, देगलूर, कंधारच्या जुन्या आळ्यांत ती आहेत, त्यांना पाडण्यावाचून दुसराही मार्ग आहे. छतावरची जास्तीची माती उतरवून थर वीतभरावर आणायचा आणि पाणी अडवायला मध्ये प्लास्टिकचा जाड कागद घालायचा. खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरके लाकडी टेके ठोकायचे, म्हणजे सांगाडा आडवा हलत नाही. भिंतीत ठरावीक अंतरावर भोकं पाडून आरपार दगड किंवा सळई घातलेलं काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन्ही तोंडं सुटत नाहीत. सांगाडा कुजलेला नाही ना, हे आधी अभियंत्याला दाखवून घ्यावं. बाकीचं काम गावातला सुतार आणि गवंडी करू शकतात. भूकंपानंतर त्या भागातल्या गवंड्यांना याचं प्रशिक्षणही दिलं गेलं होतं.