परमिट कोणाचं?

परवा ऑफिसातून डोंबिवलीला परतताना कल्याण-शीळ रस्त्यावरच्या 'परमिट रूम'च्या पाट्या बघून सोबतच्या ज्युनिअरनं विचारलं, "यातलं परमिट कोणाचं असतं?" मी ठोकून दिलं, "बारमालकाचं." शनिवारी जरा वाचलं, तर साफ चूक! मालकाचं असतं ते लायसन्स. परमिट पिणाऱ्याचं!

गोष्ट जुनी आहे. मोरारजी देसाईंच्या आग्रहानं मुंबई राज्यात १९४९चा दारूबंदी कायदा झाला आणि १९५० साली पूर्ण बंदी आली. बलसारा खटल्यात १९५१ साली सुप्रीम कोर्टानं अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं वगळली, पण बाकी कायदा बहुतेक शाबूत ठेवला. पुढं हातभट्ट्या फोफावल्या, वरदराजन मुदलियारसारखे लोक त्यावर मोठे झाले. वसंतराव नाईकांच्या काळात सरकारनं बंदी सैल केली. सैल केली, काढली नाही. त्यामुळे आजही कागदोपत्री महाराष्ट्रात दारूबंदीच आहे आणि परमिट हा तिला अपवाद. तोही 'प्रकृतीस्वास्थ्यासाठी'! एक दिवसाच्या परमिटची फी वर्षानुवर्षं ५ रुपये. तुम्ही कधी काढलंय? मी नाही.

आता म्हणाल, कोणी विचारत नाही ना, मग राहू दे की. मलाही तसंच वाटायचं.

पण काही वर्षांपूर्वी एका मित्राला रात्री नाक्यावर अडवलं. भावाच्या हळदीसाठी गाडीत दोन सीलबंद बाटल्या. स्वतः थेंबही घेतला नव्हता, गाडीचे कागद चोख. सगळं तपासून झाल्यावर शेवटी प्रश्न आला, "परमिट?" पाचशे रुपयांत 'मिटलं'. पाच रुपयांच्या कागदासाठी! तक्रार कर म्हटलं तर म्हणाला, "कशाची करू? परमिट नव्हतंच ना माझ्याकडे."

खरी गोम इथंच आहे. सगळेच गुन्हेगार असले की कोणाला पकडायचं हे विधानसभा ठरवत नाही, नाक्यावर उभा असलेला माणूस ठरवतो. आणि पकडला गेलेला ओरडूही शकत नाही. मुंबईत २०१२ साली पब-बारवर छापे पडले, तेव्हा हेच विसरलेलं परमिट अचानक बातम्यांत आलं. कायदा तोच होता, बदलली होती फक्त कोणाची तरी मर्जी.

आमच्या धंद्यात याला डेड कोड म्हणतात. चालत नाही म्हणून कोणी काढत नाही, आणि एक दिवस कोणीतरी चुकीचं बटण दाबतं. नाइट कॅपिटल या अमेरिकन कंपनीचे २०१२ साली अशाच जुन्या कोडमुळं पाऊण तासात ४० कोटी डॉलरहून जास्त बुडाले.

दारूनं घरं बुडतात हे मला मान्य आहे. बंदी हवी असेल तर उघड घाला. चंद्रपुरात २०१५ साली घातली, २०२१ साली उठवली. दोन्ही वेळा कडाक्याचे वाद झाले, पण निर्णय कोणाचा ते लोकांना कळलं. आपल्याकडची बंदी घातलेलीही नाही आणि उठवलेलीही नाही, नुसती पडून आहे.

असो. ज्युनिअरला सोमवारी खरं उत्तर द्यायचंय.