फडाच्या पाटीवर बाईचं नाव

‘विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर’. तमाशाच्या फडाची ही पाटी म्हणजे अख्खी वंशावळ आहे. बाईचं नाव, वडिलांचं नाव, जात आणि गाव, सगळं एका ओळीत. पण फडाच्या पाटीवर बाई पहिल्यापासून नव्हती.

पेशवाईत संगमनेरचे अनंत फंदी (1744–1819) लावण्या रचत होते, तेव्हा फडात बाईचं सोंग नाच्या पोऱ्या घेई. पुढे त्याच संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा गावची पवळा बोर्डावर उभी राहिली. रेठरे हरणाक्षच्या पठ्ठे बापूरावांनी (1866–1945) लावणी लिहावी आणि पवळानं ती रंगवावी, अशी ही जोडी. बापूराव ब्राह्मण, पवळा महार. जातीचा सगळा रोष अंगावर घेऊन दोघं एका फडात राहिली. लोक पवळासाठी गर्दी करत.

नारायणगावात मात्र फड घराण्याचाच झाला. नारायण खुडे यांनी तो उभा केला, मग भाऊ आणि बापू या भावांनी नावारूपाला आणला. भाऊंच्या कन्या विठाबाईंचा जन्म 1935 साली पंढरपुरात झाला. लहानपणापासून घरच्याच फडात त्या नाचल्या, गायल्या, वगात उभ्या राहिल्या. भर कार्यक्रमात कळा आल्या, पडद्यामागे बाळंत होऊन त्या परत बोर्डावर आल्या, ही हकिगत तमाशाच्या मुलखात आजही सांगतात. बाईच्या पोटावर अख्खा फड कसा जगत होता, हे तिच्यातून कळतं.

फड चालतो जत्रेच्या वर्गणीवर. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. पण ही वर्गणी पावसावर अवलंबून. नगर तालुकाच घ्या, तो पर्जन्यछायेचा. पाऊस हुकला की ज्वारी जाते; एके काळी हिवरे बाजारसारख्या गावांतूनही माणसं कामासाठी बाहेर पडत. अशा वर्षी वर्गणी गोळा होणार कुठून? गावाचा दुष्काळ फडाच्याही चुलीपर्यंत पोचतो.

तरी बायकांनी फड मोडू दिले नाहीत. तमासगीर तुकाराम खेडकर 1964 मध्ये गेले आणि त्यांच्या पत्नी कांताबाई सातारकरांनी मुलांना घेऊन नव्यानं फड बांधला. संगमनेर हेच त्यांचं घर झालं. पुढे पाटी आली ती ‘रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर’ अशी, मुलाशेजारी आईचं नाव घेऊन. विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनीही मुलगा नितीनकुमारसह स्वतःचा फड चालवला.

विठाबाई 2002 मध्ये गेल्या. राज्य सरकारनं त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, तेव्हा पहिला मान कांताबाईंना मिळाला. पुढे तोच पुरस्कार मंगलाताईंकडेही आला.