मिरचीची साक्ष

मज्जारज्जूत वेदनेचा निरोप कोणत्या रसायनाच्या हाती जातो, या शोधाचा इतिहास सांगताना शरीरशास्त्राचे ग्रंथ लंडन, ग्रात्स आणि केंब्रिज येथील प्रयोगशाळांची नावे नोंदवून मोकळे होतात. परंतु माझ्या मते ही कुळकथा हंगेरीतील सेगेद या शहरावाचून पुरी होत नाही, आणि सेगेदचे नाव तिच्यात येते ते केवळ मिरचीमुळे. ज्या फळाने जिभेची आग होते त्याच फळाने वेदनेच्या रसायनाची ओळख पटवून द्यावी, हा योग मला इतका विलक्षण वाटतो की बाकीची हकीकत मी त्याच्याच आधाराने सांगणार आहे.

आरंभ वेदनेशी सुतराम संबंध नसलेल्या एका भुकटीपासून झाला. १९३१ साली लंडनमध्ये हेन्री डेल यांच्या प्रयोगशाळेत उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम हे घोड्याच्या मेंदूचा व आतड्याचा अर्क तपासत असता, त्या अर्काने सशाचा रक्तदाब उतरतो, त्याच्या आतड्याचा तुकडा आकुंचन पावतो, आणि ॲसिटिलकोलीनचा परिणाम अडवणारे ॲट्रोपिन दिले तरी तो परिणाम टळत नाही, असे त्यांना आढळले. अर्थात हे द्रव्य ॲसिटिलकोलीन नव्हते. सुकवलेल्या भुकटीच्या नोंदींवरील ‘पी’ हे अक्षर पुढे त्याला नाव म्हणून चिकटले. ते अक्षर वेदनेच्या इंग्रजी शब्दावरून आले, या प्रचलित समजुतीला आधार नाही. १९५३ साली ग्रात्सच्या फ्रेड लेम्बेक यांना मज्जारज्जूत शिरणाऱ्या संवेदी मुळांत हे पी-द्रव्य चालक मुळांच्या मानाने पुष्कळच अधिक सापडले, आणि संवेदनेचा पहिला निरोप हेच पोचवत असावे असे अनुमान त्यांनी मांडले. सुझन लीमन यांना गुरांच्या मेंदूत भलतेच संप्रेरक शोधताना उंदरांच्या तोंडाला लाळ सुटवणारे एक द्रव्य मिळाले, ते हेच निघाले, आणि १९७१ साली त्याची ११ अमिनो आम्लांची साखळी उलगडली.

लेम्बेक यांनाच सर्व श्रेय देणारा एक पक्ष आहे. त्यांची दृष्टी असामान्य होती हे मी मान्य करतो; तथापि एखादे द्रव्य तंतूत साठलेले आहे एवढ्याने त्याचे कार्य शाबीत होत नाही. ते काढून घेतल्यावर काय बिघडते हे दाखवावे लागते, आणि तेही शेजारच्या तंतूंना धक्का न लावता. अशी निवडक कारवाई करणारे साधन सेगेदमध्ये मिकलोश यांचो यांच्यापाशी होते.

यांचो यांनी १९४० च्या दशकापासून मिरचीतील तिखट द्रव्य, म्हणजे कॅप्सायसिन, प्राण्यांवर वापरून पाहिले. पहिला थेंब डोळ्यात पडताच उंदीर पंजाने डोळा पुन्हा पुन्हा पुसतो. परंतु वाढत्या मात्रा देत गेले की तोच थेंब पडूनही तो स्वस्थ बसतो, मोहरीच्या झणझणीत तेलानेही त्याचा डोळा लाल होत नाही, आणि तरीही बुबुळाला नुसता स्पर्श केला तर पापणी पूर्वीसारखीच चटकन मिटते. म्हणजे स्पर्शाचे तंतू शाबूत राहिले आणि दाहाची फिर्याद नेणारे तेवढे मुके झाले. त्यांचे पुत्र गाबोर यांनी १९७७ साली, नवजात उंदरांना हे द्रव्य टोचल्यास त्या तंतूंच्या पेशीच कायमच्या नष्ट होतात, हे सिद्ध केले. आणि पुढल्याच वर्षी केंब्रिजमध्ये जेसेल, आयव्हर्सन व क्वेल्यो यांनी कॅप्सायसिन दिलेल्या उंदरांच्या मज्जारज्जूचा मागील भाग तपासला, तेव्हा तेथील पी-द्रव्य ओसरलेले आढळले. लेम्बेक यांच्या अनुमानाला साक्षीदार मिळाला तो इथे. १९८० साली मज्जारज्जूवरच मॉर्फिन सोडले असता पी-द्रव्याचा स्राव आखडतो असे दिसले, आणि अफूच्या वेदनाशामक गुणाचा एक धागाही त्याच जागी येऊन मिळाला.

हे साधन सेगेदलाच का सापडावे? लाल मिरचीची पूड, पॅपरिका, हे त्या शहराचे वैभव. ताज्या मिरचीतूनच तेथे आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी क जीवनसत्त्व विपुल प्रमाणात मिळवले, आणि मिरचीचा परिणाम संवेदी तंतूंवर होतो असे हंगेरीच्याच एन्द्रे होग्येश यांनी १८७८ सालीच लिहून ठेवले होते. पण मूळची अमेरिकेची मिरची हंगेरीत आली कोणत्या वाटेने? ती स्पेनमधून युरोपभर पसरली असे एक मत आहे. दुसरे मत, आणि मी त्याच बाजूचा आहे, असे की पोर्तुगीजांनी ती गोव्यास आणि मलबारास उतरवली, तेथून ती इराणी आखाताच्या मार्गाने उस्मानी मुलखात गेली आणि तुर्कांच्या अमलात हंगेरीत रुजली. हंगेरियन लोक तिला पूर्वी ‘तुर्की मिरी’ म्हणत, आणि लेओनहार्ट फुक्स या जर्मन वनस्पतिज्ञाने १५४० च्या दशकात तिची नोंद ‘कालिकतची मिरी’ अशी केली. परदेशी जिनसांना सरसकट हिंदी किंवा तुर्की म्हणण्याची त्या काळी चाल होती, हा प्रतिपक्षाचा मुद्दा खरा आहे. परंतु देशाचे मोघम नाव वेगळे आणि एका बंदराचे नेमके नाव वेगळे, कारण बंदराचे नाव माल आणणाऱ्याच्या तोंडूनच ऐकू येते. तेव्हा कोकण-मलबारच्या किनाऱ्यावर उतरलेल्या मिरचीच्याच वंशजांनी सेगेदच्या उंदरांचे डोळे चुरचुरवले, असे मी खुशाल समजतो.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. पी-द्रव्य पेशीवर ज्यांना चिकटते ते ग्राहक अडवणारी औषधे प्राण्यांत गुणकारी ठरली, पण माणसाची वेदना त्यांनी शमेना. त्यांपैकी ॲप्रेपिटंट हे २००३ साली मंजूर झाले ते कर्करोगाच्या औषधांनी होणाऱ्या उलट्यांसाठी. शिवाय तंतूपासून मज्जारज्जूतील पेशीपर्यंतचा तातडीचा निरोप ग्लुटामेट नेते, हेही निर्विवाद आहे. यावरून पी-द्रव्याला वेदनेच्या दफ्तरातून खारीज करणे मला उतावीळपणाचे वाटते. १९९८ साली ज्या उंदरांत त्याचे जनुकच काढून टाकले होते, त्यांना सौम्य वेदना पूर्ववत होत असे, मध्यम आणि तीव्र वेदना तेवढी बोथटली होती. आणि पॅट्रिक मँटी यांच्या प्रयोगशाळेत १९९५ साली दिसले की तीव्र उद्दीपनानंतर काही मिनिटांतच हे ग्राहक मज्जारज्जूतील पेशींच्या पोटात ओढले जातात आणि त्या पेशींच्या नळीसारख्या सरळ शाखांना माळेतील मण्यांसारखे फुगवटे येतात. निरोप नेणे हे ग्लुटामेटचे काम. तो किती मोठ्याने वाचायचा हे ठरवण्याचा अधिकार पी-द्रव्याचा. माणसात ती औषधे फसली याचे कारण, माझ्या समजुतीने, हा अधिकार तेथे अनेक पेप्टाइडांत वाटलेला आहे, आणि एकाला अडवले तर दुसरे ते काम चालवतात.

आफ्रिकेच्या शुष्क प्रदेशात बिळे करून राहणाऱ्या केशहीन मोल-रॅटच्या त्वचेतील वेदनातंतूंत पी-द्रव्य नसते, आणि मिरचीची आग त्याला जाणवत नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात संशोधकांनी विषाणूच्या द्वारे पी-द्रव्याचे जनुक त्याच्या पायातील तंतूंत पोचवले. त्यानंतर कॅप्सायसिन टोचताच तो पाय चाटू लागला. आम्लाची जळजळ मात्र त्याला तेव्हाही कळली नाही.