कैद्याची ने-आण आणि शासनाचे उत्तरदायित्व

हदगावच्या न्यायालयात तारीख असली, की नांदेडच्या जिल्हा कारागृहातील न्यायाधीन बंद्याला अर्धापूर, वारंगा फाटा या मार्गाने साठ-सत्तर किलोमीटरांचा प्रवास करावा लागतो. त्याच्यासोबत पोलिस मुख्यालयातून निघालेले शिपाई असतात. पोलिसांच्या बोलीत या पथकाला 'कैदी पार्टी' म्हणतात. पार्टी मिळाली तर आरोपी न्यायाधीशांपुढे उभा राहतो. न मिळाली तर पुढची तारीख पडते. सण-उत्सव, मोर्चा किंवा मंत्र्यांचा दौरा आला, की मनुष्यबळाची पहिली कात्री बहुधा या पार्टीलाच लागते.

हा केवळ गैरसोयीचा विषय नाही. डिसेंबर २०२४मध्ये महाराष्ट्रातील एका न्यायाधीन बंद्याच्या जामीन अर्जावर विचार करताना सर्वोच्च न्यायालयाला असे आढळले, की सुमारे सहा वर्षांत पडलेल्या १०२ तारखांपैकी बहुतांश तारखांना त्याला न्यायालयात प्रत्यक्षही हजर केले गेले नव्हते आणि पडद्यावरूनही नाही. दोष सिद्ध झालेला नसताना केवळ गाडी आणि शिपाई नाहीत म्हणून माणूस तुरुंगात राहतो, असा याचा सरळ अर्थ होतो.

अशा वेळी एक उपाय हमखास सुचविला जातो. पोलिसांना तपासाचे काम करू द्यावे आणि कैद्यांची ने-आण खासगी कंत्राटदाराकडे सोपवावी. महाराष्ट्रात हे काम आजही पोलिसांकडेच आहे. मात्र शासकीय कामे बाह्ययंत्रणेकडे देण्याचा विचार राज्याला नवा नाही. ६ सप्टेंबर २०२३च्या शासन निर्णयाने नऊ संस्थांमार्फत विविध पदांसाठी मनुष्यबळ घेण्याची मुभा दिली होती. राज्यभर विरोध झाल्यावर तो निर्णय त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मागे घेण्यात आला. त्याआधी जुलैमध्ये मुंबई पोलिसांसाठी महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाचे तीन हजार जवान तात्पुरते घेण्याचा निर्णय झाला होता. २०१०च्या कायद्याने स्थापन झालेले हे महामंडळ शासनाचेच असल्याने ही बाह्य कंत्राटी भरती नव्हे, अशी भूमिका शासनाने घेतली. ही भूमिका मान्य केली तरी एक प्रश्न राहतोच. कैदी सुटला, मारला गेला किंवा वाटेत दगावला, तर उत्तर कोणी द्यायचे?

साखळीतील कड्या

प्रचलित व्यवस्थेत याचे उत्तर कागदावर तरी स्पष्ट आहे. न्यायालयाच्या आदेशावरून कारागृह अधीक्षक बंद्याला पोलिसांच्या स्वाधीन करतात, पार्टीचा प्रमुख सही करून त्याला ताब्यात घेतो आणि परतल्यावर पुन्हा सहीनिशी जमा करतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २६१नुसार (पूर्वीचे भारतीय दंड संहितेचे कलम २२३) निष्काळजीपणाने आरोपीला पळू देणाऱ्या लोकसेवकाला दोन वर्षांपर्यंत साध्या कैदेची शिक्षा होऊ शकते. या कलमातील कळीचा शब्द आहे 'लोकसेवक'. पोलिस शिपाई निःसंशय लोकसेवक आहे. कंत्राटदाराच्या पगारावरील रक्षकाबाबत मात्र वकिलांना वाद घालायला भरपूर वाव राहील. खासगी सुरक्षा संस्थांचे नियमन करणाऱ्या २००५च्या केंद्रीय कायद्याने तर खासगी सुरक्षेची व्याख्याच 'लोकसेवक नसलेल्या व्यक्तीने पुरविलेली सुरक्षा' अशी केली आहे. त्या परवान्याच्या बळावर बँकेच्या दारात रक्षक उभा करता येतो. न्यायालयाच्या ताब्यातील माणूस वाहून नेण्यासाठी विधिमंडळाला स्वतंत्र कायदा करावा लागेल.

बेड्यांचेही तसेच. दिल्लीच्या तिहार तुरुंगातून न्यायालयात ने-आण होणाऱ्या एका न्यायाधीन बंद्याच्या तक्रारीवरच १९८०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'प्रेमशंकर शुक्ला' खटल्याचा गाजलेला निकाल दिला. सरसकट बेड्या घालणे अमानुष आहे, बेड्या घालायच्याच असतील तर पथकप्रमुखाने कारणे नोंदवावीत आणि न्यायालयाची संमती घ्यावी, असे न्या. कृष्णा अय्यर यांनी बजावले. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ने काही गंभीर गुन्ह्यांत बेड्या वापरण्याची मुभा दिली असली, तरी ती पोलिस अधिकाऱ्याला दिली आहे. कंपनीच्या रक्षकाला नव्हे.

मृत्यूच्या बाबतीत कायदा अधिक सावध आहे. पोलिसांच्या किंवा न्यायालयाने अधिकृत केलेल्या अन्य कोणत्याही ताब्यात मृत्यू झाला अथवा व्यक्ती नाहीशी झाली, तर न्यायदंडाधिकाऱ्याने चौकशी करावी, अशी दुरुस्ती २००५मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत झाली आणि नव्या संहितेतही ती कायम आहे. 'अन्य कोणत्याही ताब्यात' या शब्दांमुळे कंत्राटदाराची गाडीही या चौकशीच्या कक्षेत येईल, असे म्हणता येते.

सार्वभौम कार्य की ठेका?

नुकसानभरपाईच्या कायद्यात एक जुनी पळवाट आहे. मेरठच्या पोलिसांनी जप्त केलेले सोने घेऊन एक हवालदार पाकिस्तानात पळाला. सोन्याच्या मालकाने दावा लावला, तेव्हा १९६५च्या 'कस्तुरीलाल' निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अटक व जप्ती ही राज्याची सार्वभौम कार्ये असल्याने राज्य भरपाईला बांधील नाही. पुढे १९९३मध्ये 'नीलाबती बेहेरा' खटल्यात ही ढाल बाजूला पडली. ओडिशातील पोलिस चौकीत ठेवलेल्या एका तरुणाचा मृतदेह रेल्वेरुळांवर सापडला होता. तो पळून गेला आणि गाडीखाली आला, ही पोलिसांची कथा न्यायालयाने फेटाळली, दीड लाख रुपयांची भरपाई दिली आणि मूलभूत हक्कांच्या भंगात सार्वभौमत्वाचा बचाव चालणार नाही असे ठरविले.

कंत्राटाच्या समर्थकांनी येथे थोडे थांबावे. कैदी ताब्यात ठेवणे हे सार्वभौम कार्य असेल, तर ते निविदेने विकता कसे येईल? ते सार्वभौम नसेल, तर राज्याला सर्वसाधारण मालकाप्रमाणे नोकराच्या चुकीची भरपाई द्यावी लागेल. कोणतीही बाजू घेतली तरी शासनाची सुटका नाही. छत्तीसगडमध्ये तुटपुंज्या मानधनावर, जुजबी प्रशिक्षण देऊन आदिवासी तरुणांना विशेष पोलिस अधिकारी नेमण्याची प्रथा सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०११मध्ये घटनाबाह्य ठरविली, त्यामागेही हेच तत्त्व होते. पैसा नाही या सबबीवर राज्याला आपली मूलभूत कर्तव्ये स्वस्तात उरकता येत नाहीत.

परदेशातील धडे

हा प्रयोग ब्रिटनने प्रत्यक्ष केला आहे. १९९१च्या कायद्याने कैद्यांची ने-आण खासगी कंपन्यांना देण्याची तरतूद झाली आणि १९९३मध्ये 'ग्रुप फोर' या कंपनीने काम सुरू केले. पहिल्याच आठवड्यांत कैदी पळाले आणि कंपनी वृत्तपत्रांतील विनोदाचा विषय झाली. २००४मध्ये स्कॉटलंडमध्ये 'रिलायन्स' (आपल्याकडील नव्हे) या कंपनीने काम हाती घेताच खुनाच्या गुन्ह्यातील एक कैदी चुकून सोडून दिला. २०१३मध्ये 'सेर्को' कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी न्यायालयात नेण्यास तयार नसलेले कैदी कागदावर तयार दाखविल्याचे उघड झाले आणि कंपनीला या कंत्राटातील नफा परत करावा लागला. देयक ज्या आकड्यांवर अवलंबून असते, ते आकडे ठेकेदारानेच भरायचे, ही व्यवस्था आपल्या रस्त्यांच्या कामांत रुळलेल्यांना नवी वाटणार नाही. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागेल. ब्रिटनने प्रत्येक रक्षकासाठी मंत्र्याचे प्रमाणपत्र बंधनकारक केले आणि कंत्राटावर नजर ठेवणारा स्वतंत्र निरीक्षक कायद्यातच नेमला. ठेका आधी आणि नियम मागाहून, असे तेथे झाले नाही.

मराठवाड्याच्या उन्हात राहणाऱ्यांना पश्चिम ऑस्ट्रेलियातील घटना अधिक जवळची वाटेल. २७ जानेवारी २००८ रोजी एका आदिवासी ज्येष्ठाला मद्यपान करून गाडी चालविल्याच्या आरोपावरून लॅव्हर्टन येथून सुमारे ३६० किलोमीटरवरील कालगुर्लीला नेण्यात येत होते. बाहेर पारा चाळिशीपलीकडे होता. गाडीच्या मागच्या कोठडीतील वातानुकूलन बंद होते आणि त्याला पाण्याची एक छोटी बाटली तेवढी दिलेली होती. उष्माघाताने तो मरण पावला. गाडी सरकारी खात्याची, चालक व रक्षक मात्र कंपनीचे. २००९मध्ये मृत्युचौकशी अधिकाऱ्याने खाते, कंपनी आणि दोन्ही रक्षक या साऱ्यांना दोषी धरले. २०१०मध्ये राज्य सरकारने कुटुंबाला ३२ लाख डॉलर दिले. २०११मध्ये सरकारी खाते आणि कंपनी या दोघांनाही प्रत्येकी २ लाख ८५ हजार डॉलरचा दंड झाला. मृत्यूबद्दल फौजदारी खटला मात्र कोणावरही उभा राहिला नाही. हदगाव-उमरखेडकडच्या आरोपीला हर्सूलच्या मध्यवर्ती कारागृहात हलवायचे तर अडीचशे किलोमीटरांहून अधिक रस्ता आहे आणि मे महिन्यात नांदेडचा पारा ४२ अंशांपलीकडे जाणे नवलाचे नाही.

परभणीचा न सुटलेला प्रश्न

तथापि खाकी गणवेश असला म्हणजे उत्तरदायित्व आपोआप येते, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. शेजारच्या परभणीचा ख्वाजा युनूस हा अभियंता डिसेंबर २००२मधील घाटकोपर बॉम्बस्फोट प्रकरणात पकडला गेला. जानेवारी २००३मध्ये मुंबईहून औरंगाबादकडे (आताचे छत्रपती संभाजीनगर) नेताना पारनेरजवळ जीप दरीत कोसळली आणि तो पळाला, असे पोलिसांनी सांगितले. तो पुन्हा कोणालाही दिसला नाही. गुन्हे अन्वेषण विभागाच्या तपासात पलायनाची ही कथा बनावट असल्याचा निष्कर्ष निघाला. चौदा पोलिसांची नावे पुढे आली, शासनाने चौघांवरच खटला भरण्यास मंजुरी दिली. खटला वर्षानुवर्षे रेंगाळला आणि दरम्यान २०२०मध्ये या चौघांना सेवेतही परत घेण्यात आले. येथे प्रत्येक सही लोकसेवकाचीच होती. साखळी अडली ती मंजुरीच्या टेबलावर. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने मंजुरीचा निर्णय १२० दिवसांत न झाल्यास ती मिळाली असे समजण्याची तरतूद केली आहे, हा त्यातील दिलासा.

याउलट ऑक्टोबर २०२३मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयातून अमली पदार्थांच्या गुन्ह्यातील आरोपी पसार झाला, तेव्हा पहाऱ्यावरील पोलिसांचे निलंबन लगोलग झाले. तो महिनोन्‌महिने रुग्णालयात राहिला कसा, याची चौकशी करायला मात्र गदारोळ व्हावा लागला. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ही आपली नेहमीची रीत. कंत्राटात तर ही पखाल आणखी स्वस्त मिळेल, कारण बडतर्फ करायला अकरा महिन्यांच्या करारावरचा पोरगा हाताशी असेल.

फेऱ्या कमी करणे हा मार्ग मात्र उघडा आहे. महाराष्ट्रातीलच डॉ. प्रफुल्ल देसाई यांच्या खटल्यात २००३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दृक्‌श्राव्य माध्यमातून साक्ष घेण्यास मान्यता दिली. न्यायालयीन कोठडीची मुदत वाढविताना आता आरोपी पडद्यावरून हजर झाला तरी चालते. पोलिस कोठडी मागायची असेल, तर मात्र प्रत्येक वेळी त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे प्रत्यक्ष उभे करावे लागते. अंगावरचे वळ त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसावेत, यासाठीच ही अट आहे. त्या फेरीपुरती तरी गाडी लागणारच आणि आरोपी ताब्यात घेतल्याची सही कोणाला तरी करावी लागणारच.