क्लिपिंग प्रतल (त्रिमितीय संगणकीय आलेखन)

आभासी कॅमेऱ्याचे दृश्यक्षेत्र म्हणजे शेंडा छाटलेला पिरॅमिड. त्याच्या निकट व दूर प्रतलांपलीकडचा भाग चित्रात उमटत नाही. भिंतीजवळ जाताच तिला भगदाड पडले, तर निकट प्रतल कॅमेऱ्यापासून जास्त लांब आहे. डोंगर अर्ध्यावर कापले गेले, तर दूर प्रतल अलीकडे आहे. मात्र यथादर्शी प्रक्षेपात निकट अंतर शून्य चालत नाही, आणि ते फार कमी करणेही महागात पडते. ते ०.१ मीटर असल्यास नेहमीच्या २४ बिटांच्या डेप्थ बफरमध्ये (प्रत्येक पिक्सेलची खोली साठवणाऱ्या स्मृतीत) १,००० मीटरवर खोलीतील सुमारे ०.६ मीटरपेक्षा लहान फरक ओळखता येत नाही. लगतचे पृष्ठभाग लुकलुकू लागतात. म्हणून निकट प्रतल जमेल तितके पुढे सरकवावे. ते शक्य नसेल, तर फ्लोटिंग पॉइंट बफर घेऊन खोलीचा क्रम उलटा (निकट प्रतलाला १, दूर प्रतलाला ०) ठेवणे हा भरवशाचा उपाय. अख्खी वस्तूच एकदम नाहीशी झाली, तर दोष बहुधा प्रतलांचा नसतो; आधी तिची सीमाचौकट, म्हणजे ती दृश्यक्षेत्रात आहे का हे ठरवण्यासाठी तिच्याभोवती कल्पिलेली पेटी, तपासावी.