रेआल : राजाचं की खरं?

स्पॅनिशच्या दुसऱ्या लेव्हलच्या परीक्षेत मी ‘कामीनो रेआल’चा अर्थ ‘खरा रस्ता’ असा लिहिला होता. पेपर हातात आला तेव्हा त्यावर लाल गोल होता आणि शेजारी एकच शब्द : राजमार्ग. बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “अरे, तू रेआल माद्रिदच्या मॅच बघतोस ना? ते काय ‘खरं माद्रिद’ आहे?”

वर्गात हशा पिकला. मीही हसलो. पण खरं सांगतो, मला इतकी वर्षं तसंच वाटत होतं.

घरी येऊन शब्दकोश उघडला. ‘रेआल’ दिसायला एक शब्द असला, तरी मुळात ते दोन आहेत. लॅटिनमध्ये ‘रेस’ म्हणजे वस्तू. त्यावरून ‘रेआलिस’ आला आणि त्याचा स्पॅनिशमध्ये ‘रेआल’ झाला, म्हणजे खरा, प्रत्यक्षात असलेला. दुसरीकडे ‘रेक्स’ म्हणजे राजा. त्यावरून ‘रेगालिस’. बोलता बोलता त्यातला ‘ग’ झिजला आणि तोही ‘रेआल’च झाला, पण अर्थ राजाचा. आपल्याकडे ‘वार’ म्हणजे दिवसही आणि घावही, तसंच काहीसं. इतिहासात मात्र हे दोन अर्थ एकमेकांना सारखे धडकत राहिले.

माद्रिदच्या क्लबचंच बघा. क्लब १९०२चा. नावाआधी ‘रेआल’ लावायचा मान त्याला राजा तेराव्या अल्फोन्सोनं १९२० साली दिला. १९३१मध्ये स्पेनमध्ये प्रजासत्ताक आलं, राजा देश सोडून गेला आणि क्लबच्या नावातला ‘रेआल’ही गेला, बोधचिन्हावरचा मुकुटही गेला. यादवी युद्ध संपल्यावर दोन्ही परत आले. मधली काही वर्षं तेच खेळाडू, तेच मैदान, तोच चेंडू. फक्त राजा नव्हता. खेळ तेव्हाही खराच होता.

पण ‘रेआल’चा सगळ्यात लांबचा प्रवास क्लबानं नाही, नाण्यानं केला. चौदाव्या शतकात कास्तिलच्या राजानं चांदीचं नाणं पाडलं. राजाचं, म्हणून त्याचं नाव रेआल. पुढे आठ रेआलचं एक मोठं नाणं निघालं, साधारण २७ ग्रॅमचं. त्यासाठी लागणारी चांदी अमेरिकेतून आली. १५४५ साली आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीच्या डोंगरात चांदी सापडली आणि वर्षभरानं मेक्सिकोतल्या साकातेकासमध्ये. मेक्सिको शहरातून उत्तरेला या खाणींकडे जाणारी वाट म्हणजेच ‘कामीनो रेआल’. माझ्या पेपरातला राजमार्ग! निघालेल्या चांदीचा पाचवा हिस्सा राजाचा. त्या कराचं नाव ‘किंतो रेआल’. चौथाई ऐकून वाढलेल्या मराठी कानाला हे फारसं परकं वाटू नये.

आता खरा हिशेब. पोतोसी समुद्रसपाटीपासून सुमारे ४००० मीटर उंचीवर आहे. तिथे खाणीत उतरायला माणसं कुठून आणायची? १५७०च्या दशकात व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदोनं ‘मिता’ नावाची वेठ पक्की केली. आसपासच्या १६ प्रांतांतल्या मूळ रहिवासी पुरुषांपैकी दर सातातल्या एकानं पाळीपाळीनं पोतोसीला जायचं. घरून निघताना बायकामुलं, लामा, धान्य सोबत घ्यायचं. कित्येक जण परत आलेच नाहीत. ही वेठ कायद्यानं रद्द व्हायला १८१२ उजाडलं. नाण्यावर मुकुट राजाचा होता, पण त्यातली चांदी या माणसांच्या श्वासाची होती.

आणि राजा? एवढी चांदी येऊनही दुसऱ्या फेलिपेनं १५५७, १५७५ आणि १५९६ साली सावकारांपुढे हात वर केले. युद्धांच्या खर्चापायी चांदी स्पेनमध्ये टिकतच नव्हती.

ती जगभर पसरत होती. मेक्सिकोच्या आकापुल्को बंदरातून मनिलाला, तिथून चीनला. चिनी व्यापाऱ्यांना स्पेनच्या राजाशी काही घेणंदेणं नव्हतं. ते नाणं तोलायचे, वाजवून बघायचे आणि अस्सल निघालं की त्यावर आपला बारीकसा छाप मारायचे. राजाच्या तोंडावरसुद्धा! लाल समुद्रावरून ही नाणी सुरतेला यायची आणि टांकसाळीत वितळून त्यांचे मुघल रुपये व्हायचे. एका राजाचा शिक्का पुसून दुसऱ्याचा बसायचा. चांदी तीच.

म्हणजे नाणं राजाचं म्हणून निघालं आणि खरं म्हणून चाललं. ‘रेआल’चे दोन अर्थ शब्दकोशात वेगवेगळ्या नोंदींत बसतात, पण सराफाच्या तराजूत ते एकमेकांसमोर आले आणि तिथे राजा हरला.

शब्द मात्र टिकला. पोर्तुगीजांकडेही रेआल होता. त्याचं अनेकवचन ‘रेइश’ गोव्याच्या जुन्या हिशेबांत तांगांच्या सोबतीनं दिसतं. अरबांनी ‘रेआल’चा ‘रियाल’ केला. इथवर वाचत आलो आणि मी थांबलो.

माझे बाबा रत्नागिरीहून मस्कतला वायरमन म्हणून गेले आणि १४ वर्षं राहिले. आमच्या घरात ‘रियाल’ हा शब्द मी रुपयाच्या आधी शिकलो असेन. “या महिन्यात रियाल चढला” म्हटलं की आईचा चेहरा उजळायचा. ओमानमध्ये १९७०पर्यंत भारतानं छापलेला आखाती रुपया चालायचा. त्याच्या जागी रियाल आला. पण सुटे पैसे? एका ओमानी रियालचे १००० ‘बैसा’ होतात. बैसा म्हणजे आपलाच पैसा. नोटेवर स्पेनचा राजा आणि चिल्लरीत आपला पैसा!

रात्री बाबांना फोन करून हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “राजाबिजा मला ठाऊक नाही रे. पन्नास डिग्रीत गच्चीवर वायर ओढायचो. त्याचे मिळायचे, ते रियाल.”

परीक्षेत माझा एक मार्क गेला, तो बरोबरच गेला. रस्ता राजाचाच होता. त्यावरून कोण चाललं, ते विचारायला मात्र दुसरा अर्थ लागतो.