परदेशी कंद आणि मावळची हवा : पुणे परिसरातील कंदवर्गीय पिकांच्या रुजवणुकीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

एका प्रदेशातील वनस्पती दुसऱ्या प्रदेशात नेऊन रुजविणे हा मानवी इतिहासातील एक जुना उद्योग होय. रोपांच्या तुलनेत कंदांचा प्रवास सोपा. सुप्तावस्थेतील कंद काही महिने मातीपाण्याविना राहू शकतो, गलबतातून आणि बैलगाडीतून जाऊ शकतो. तथापि पोहोचणे आणि रुजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मावळ, लोणावळा आणि त्यांच्या पूर्वेकडील पुणे परिसर यांत गेल्या दोनशे वर्षांत परदेशी कंद कसे आले, त्यांची कसोटी कोणत्या निकषावर लागली आणि त्यांपैकी कोणते खऱ्या अर्थाने येथले झाले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे.

परीक्षा थंडीची की पावसाची?

नाजूक कंदांच्या काटकपणाचा विचार प्रामुख्याने युरोपात विकसित झाला आणि तो थंडीभोवती गुंफलेला आहे. इंग्लंडमधील धर्मोपदेशक व वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम हर्बर्ट (१७७८–१८४७) यांनी यॉर्कशायरमधील स्पॉफर्थ येथे उष्ण प्रदेशांतील क्रायनमवर्गीय कंद उघड्यावर लावून ते हिवाळ्यात तगतात की नाही, याचे प्रयोग केले. आफ्रिकेतील एका क्रायनमला पाणवनस्पती म्हणून वाढवून थंडीतून वाचविण्याची रीतही त्यांनी मांडली. त्यांचा ‘अमॅरिलिडेसी’ हा ग्रंथ १८३७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे अमेरिकेच्या कृषी खात्याने १९६० मध्ये वर्षातील किमान तापमानांच्या सरासरीवर आधारलेला काटकपणाचा नकाशा प्रसिद्ध केला. आजही जगभरातील बागकामाच्या पुस्तकांत कंदाची शिफारस बहुधा याच मोजपट्टीने केली जाते.

मावळास ही मोजपट्टी लावली असता ती अपुरी ठरते. पुणे वेधशाळेतील आजवरचे नीचांकी तापमान १.७ अंश सेल्सिअस असून त्याची नोंद १७ जानेवारी १९३५ रोजी झाली. म्हणजे एका विलक्षण थंड रात्रीही पारा गोठणबिंदूच्या वरच राहिला. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. परंतु असे प्रसंग अपवादात्मक होत. केवळ थंडीचा निकष मानला, तर जगातील बहुतेक सारे नाजूक कंद येथे सुखेनैव नांदावयास हवेत. प्रत्यक्षात तसे घडत नाही.

कारण येथील खरी परीक्षा पावसाची आहे. सुमारे ६२० मीटर उंचीवरील लोणावळ्यात वर्षाला ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून साठ-पासष्ट किलोमीटरवर असलेल्या पुण्यात हेच प्रमाण ७०० मिलिमीटरच्या आसपास येते. पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळ ही खोरी या दोन टोकांच्या दरम्यान पसरलेली आहेत. चार महिने चिंब राहणाऱ्या मातीत कंदांभोवतीची हवा खेळती राहत नाही, बुरशी बळावते आणि कंदकूज होते. त्यानंतर येणारा सात-आठ महिन्यांचा कोरडा काळ आणि एप्रिल-मे मधील तापलेली जमीन ही दुसरी कसोटी. थंड प्रदेशातील कंदांची अडचण तर उलटीच असते. थंडीने मरण्याची भीती नाही. थंडी पुरेशी न मिळाल्याने फुलण्याचीच पंचाईत. ट्यूलिपच्या कंदास कित्येक आठवड्यांचा शीतकाल लाभल्याखेरीज त्याचा दांडा नीट वाढत नाही. श्रीनगरात २००७ मध्ये ट्यूलिपची मोठी बाग खुली झाली. सह्याद्रीच्या माथ्यावर तशी बाग उभी राहिली नाही, याचे कारण हौसेच्या अभावात नसून हवामानात आहे.

दापोडी ते गणेशखिंड

पुणे परिसरात परक्या वनस्पतींच्या संघटित प्रयोगांचा आरंभ दापोडी येथे झाला. मावळात उगम पावणारी पवना जेथे मुळेस मिळते, त्या ठिकाणी मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत १८२८ मध्ये सरकारी वनस्पती उद्यान स्थापन झाले. याच माल्कम यांच्या काळात बोरघाटातील गाडीरस्ता १८३० मध्ये वाहतुकीस खुला झाला. उद्यान आणि घाटरस्ता यांचे हे समकालीनत्व लक्षणीय आहे. मुंबई बंदरात उतरलेले रोप वा कंद घाटमाथ्यावर आणण्याचा मार्ग त्यामुळे सुकर झाला. पुढे १८६३ मध्ये बोरघाटातील लोहमार्ग पूर्ण झाल्यावर हे अंतर आणखी आटले.

डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी १८३८ पासून दापोडी उद्यानाची धुरा सांभाळली. उद्यानाचा भर औषधी वनस्पती आणि उपयुक्त पिके यांवर होता. शोभेची फुले दुय्यम होती. गिब्सन यांनी एका इंडो-पोर्तुगीज चित्रकाराकडून वनस्पतींची चित्रे काढवून घेतली. त्या चित्रकाराचे नाव इतिहासात राहिले नाही. चित्रे मात्र एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जतन झाली आहेत. १८६५ मध्ये दापोडी उद्यान विकले गेले आणि १८७३ मध्ये गणेशखिंड येथे नवे उद्यान उभे राहिले. जी. मार्शल वुड्रो यांनी तेथे काम करताना भारतीय हवामानातील बागकामाविषयी लिहिलेले पुस्तक अनेक आवृत्त्यांतून वाचकांपर्यंत पोहोचले. इंग्लंडमधील बागकामाचे वेळापत्रक येथे जसेच्या तसे चालणार नाही, ही जाणीव अशा लेखनामागे होती. गणेशखिंड उद्यानास २०२० मध्ये जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला.

रुजण्याच्या तीन पायऱ्या

कंद रुजला असे केव्हा म्हणावे? फूल आले म्हणजे रुजला, हा उत्तराचा केवळ एक भाग आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा प्रश्न बेण्याचा असतो. ज्या कंदाचे बेणे पुढील हंगामासाठी घरचे राहते, तो कंद येथला झाला. या निकषावर तीन पायऱ्या स्पष्ट दिसतात.

पहिली पायरी निशिगंधाची. हे मूळचे मेक्सिकोतील फूल. तेथील प्राचीन रहिवासी त्यास ‘अस्थिपुष्प’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत. मराठीत त्याला निशिगंध, गुलछडी, गुलछबू अशी नावे लाभली. थंड देशांत हा कंद हिमकाळापूर्वी उपटून घरात ठेवावा लागतो. येथे मात्र एकदा लावलेले पीक दोन-तीन वर्षे शेतात राहते, गड्ड्याभोवती नवे कंद धरतात आणि तेच पुढील लागवडीचे बेणे होते. महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले रजनी’ हा वाण दिला. हार, गजरा आणि मंडपाची सजावट यांत मिसळून गेलेल्या या फुलाचे परकेपण आज कोणाच्या ध्यानीही येत नाही.

दुसरी पायरी ग्लॅडिओलसची. आजच्या संकरित जातींचे पूर्वज मुख्यतः आफ्रिकेतील आहेत. त्याचा घनकंद येथे वाढतो, लहान कंदही धरतो. परंतु काढणीनंतर तो सावलीत सुकवून, बुरशीनाशकाची प्रक्रिया करून, सुमारे तीन महिने शीतगृहात ठेवावा लागतो. तेव्हा त्याची सुप्तावस्था नीट मोडते. ‘फुले गणेश’ यांसारखे वाण महाराष्ट्रात विकसित झाले असले, तरी हवामानाने न दिलेली थंडी विजेकडून घ्यावी लागते. बेणे घरचे राहते, पण शीतगृहाच्या भरवशावर.

तिसरी पायरी लिलियमची. त्याचे कंद नेदरलँड्समधून गोठवलेल्या अवस्थेत येतात, हरितगृहात फुलतात. व्यापारी प्रतीच्या फुलासाठी पुढील वेळी पुन्हा नवे कंद विकत घ्यावे लागतात. तळेगाव दाभाडे येथील पुष्पोद्यान आणि पवन मावळातील हरितगृहे यांमुळे मावळाचे नाव निर्यातक्षम गुलाबासाठी सर्वत्र झाले. प्लॅस्टिकच्या छपराने येथील मुख्य शत्रू, म्हणजे पाऊस, दूर ठेवला. मात्र छप्पर बेण्याचा प्रश्न सोडवीत नाही. चलनाचा दर, वाहतूक आणि परदेशी पुरवठादार यांवर शेतकऱ्याचे गणित अवलंबून राहते.

हा प्रश्न केवळ फुलांपुरता नाही. मावळाशेजारील खेड-मंचर भाग बटाट्यासाठी नावाजलेला आहे. हा दक्षिण अमेरिकेतील गड्डा येथे पिढ्यान्‌पिढ्या पिकत असूनही त्याचे बेणे मोठ्या प्रमाणावर पंजाबातून येते. विषाणुमुक्त बेण्यासाठी मावा किडीचा उपद्रव कमी असलेला थंड काळ पुरेसा लांब लागतो. तो उत्तरेत मिळतो. ताटात इतक्या सहज रुजलेला पदार्थही शेतात अर्धाच रुजलेला असू शकतो.

मावळचे स्वतःचे कंद

परक्या कंदांच्या या धडपडीच्या शेजारी स्थानिक कंदांचा वेगळाच इतिहास उभा आहे. रानहळद, कळलावी, रानकांदा, गडांबीकांदा, आमरींच्या अनेक जाती पहिल्या सरींबरोबर वर येतात, पावसात आपला जीवनक्रम आटोपतात आणि कोरड्या काळात जमिनीखाली निजतात. जी परीक्षा परक्या कंदांस जड जाते, तीच यांची जीवनरीत आहे. फादर हर्मेनेगिल्ड सान्तापाव यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा या वनसंपदेची शास्त्रीय नोंद अभ्यासकांस उपलब्ध झाली. महाबळेश्वर परिसरात आढळणाऱ्या ‘क्रायनम ब्रॅकिनेमा’ या कंदाचे वर्णन तर हर्बर्ट यांनीच १८४२ मध्ये केले. इंग्लंडमध्ये असे कंद काचगृहात जपावयाचे नाजूक परके पाहुणे ठरले. सह्याद्रीच्या कातळाशेजारी तेच काटक होत. नाजूक आणि काटक ही विशेषणे वनस्पतीची नसून वनस्पती व स्थळ यांच्या नात्याची आहेत, हे यावरून दिसते.

समारोप

दोनशे वर्षांच्या या वाटचालीतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, काटकपणाचा आयात केलेला निकष येथे अपुरा आहे. मावळासाठी पाऊस, निचरा आणि कोरडा काळ यांवर आधारलेला निकष हवा. दुसरी, पिकाचे यश फुलांच्या दराइतकेच बेण्याच्या मालकीवरही मोजले पाहिजे. तळेगावचे प्रशिक्षण केंद्र, पुण्यातील पुष्पविज्ञान संशोधन संचालनालय आणि कृषी विद्यापीठ ही संशोधनाची साधने या परिसरात उपलब्ध आहेत. स्थानिक कंदांपैकी कोणते बागेत वाढविता येतील, याचा अभ्यास महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांनाही करता येण्याजोगा आहे. मात्र त्यासाठी रानातील कंद उपटून आणणे हा मार्ग नव्हे. बियांपासून अथवा उती संवर्धनाने रोपे तयार करणे हाच होय. घाटमाथ्यावरील पठारे रस्ते, बंगले आणि पर्यटन यांनी व्यापली जात असताना हा अभ्यास लांबणीवर टाकणे परवडणारे नाही. दापोडीच्या उद्यानात जगभरच्या वनस्पती आणून लावल्या गेल्या. त्याच नदीच्या उगमाकडील रानात उगवणाऱ्या कंदांकडे तितक्याच आस्थेने पाहणे हे आजचे काम आहे.